सोलापूरच्या बागेत डिस्क गोल्फ कसं खेळावं

रविवारी सकाळी सहाला बागेत या, पण पहिल्या दिवशी डिस्क, म्हणजे फेकायची तबकडी, घरीच ठेवा. मोकळ्या हातानं अर्धा तास फिरा. चालणारे कुठून वळतात, हास्य क्लबवाले कुठल्या झाडाखाली जमतात, पोरं स्टंप कुठं रोवतात, माळीकाका पाण्याचा पाइप कुठून ओढतात, हे नीट बघून ठेवा. डिस्क गोल्फची सुरुवात इथून होते, असं मी ठामपणे सांगतो. ज्या बागांमध्ये या खेळाचे पक्के कोर्स असतात, तिथं येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं की इकडून डिस्क उडत येणार. आपल्या बागेत ते कुणालाच ठाऊक नसतं.

साखळ्यांच्या टोपल्या रोवलेला कायमचा कोर्स मी सोलापुरात पाहिलेला नाही. आम्ही चौघं तीन वर्षं खेळतोय ते झाडांना कापडी पट्ट्या बांधून आणि घरी बनवलेली एकच टोपली उचलून नेऊन. तेवढ्यात खेळाचा पुरेपूर आनंद मिळतो. मात्र बाग आधी चालणाऱ्यांची, मग आपली, हे धरूनच सगळं आखावं लागतं.

खेळ थोडक्यात

हिशेब गोल्फचाच. काठी आणि चेंडूऐवजी हातात डिस्क, खड्ड्याऐवजी खांबावरची टोपली, तिच्यावर डिस्क अडवायला लोंबत्या साखळ्या. टीपासून टोपलीपर्यंतचा एक टप्पा म्हणजे एक होल. ठरलेल्या जागेवरून, म्हणजे टीवरून, पहिला थ्रो. डिस्क पडेल तिथून पुढचा. टोपलीत पडेपर्यंत जितके थ्रो लागले, तितका त्या होलचा स्कोअर. नऊ किंवा अठरा होलची बेरीज ज्याची कमी, तो जिंकला.

अमेरिकेतल्या एड हेड्रिक यांनी १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमचा कोर्स उभारला आणि १९७६ साली या खेळाची संघटना, पीडीजीए, सुरू केली. सुरुवातीला तिथं टोपल्या नव्हत्या, नुसते खांब होते. डिस्क खांबाला लागली की घासून गेली, यावरून वाद व्हायचे, म्हणून साखळ्या आल्या. झाडाला पट्टी बांधून खेळायला लागलात की पहिल्याच दिवशी तुमच्यातही हाच वाद होईल, त्यामुळे हा इतिहास मला फार जवळचा वाटतो. हेड्रिक २००२ साली गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची राख प्लास्टिकमध्ये मिसळून डिस्क ओतल्या गेल्या.

काय घ्यायचं, काय नको

समुद्रावर खेळतात ती मोठी, हलकी फ्रिसबी इथं चालत नाही. वाऱ्यात ती भरकटते आणि साखळीत थांबत नाही. डिस्क गोल्फची डिस्क लहान, सुमारे २१ सेंटिमीटर व्यासाची, पण जड असते. बहुतेक १५० ते १८० ग्रॅमच्या मिळतात.

प्रकार तीन. पटर: कड जाड, वेग कमी, सरळ जाते आणि पडली तिथं बसते. मिडरेंज: जरा लांब जाते. ड्रायव्हर: कड धारदार, वेग जास्त. तुम्ही एक पटर आणि एक मिडरेंज घ्या. ड्रायव्हर घेऊ नका. नव्या हाताला ड्रायव्हरला लागणारा वेग देता येत नाही, त्यामुळे ती लवकर डावीकडं कोसळते. आणि गर्दीच्या बागेत धारदार कडेची डिस्क कुणाच्या पायाला लागली तर जखम होते. आमच्या गटात ड्रायव्हर बागेत आणायचीच नाही, असा नियम आहे.

बऱ्याच डिस्कवर चार आकडे छापलेले असतात: वेग, तरंगणं, सुरुवातीचं उजवीकडं झुकणं आणि शेवटचं डावीकडं वळणं. या दिशा उजव्या हाताच्या बॅकहँडसाठी, म्हणजे हाताची पाठ पुढं ठेवून फेकण्यासाठी, आहेत. २, ३, ०, १ अशी पटर मिळाली तर डोळे झाकून घ्या. पहिला आकडा पाचाच्या वर असेल तर पहिलं वर्षभर तिकडं बघू नका.

रंगाचा विचार कुणी करत नाही, तो करा. फेब्रुवारीपासून आपल्याकडं गवत वाळून पिवळं पडतं. त्यात पिवळी आणि केशरी डिस्क हरवते, निळी किंवा गुलाबी चटकन दिसते. पावसाळ्यात हिरवी सोडून काहीही चालेल. सोबत डिस्क पुसायला एक लहान टॉवेल (सोलापूरकराला तो शोधावा लागणार नाही), जागा खुणवायला बाटलीचं रुंद झाकण, वही, पेन आणि पाणी.

जागा आणि परवानगी

मोठी, झाडं विरळ असलेली, एका बाजूला माणसांची ये-जा कमी असलेली बाग किंवा मैदान हवं. विजापूर रोड आणि जुळे सोलापूरच्या बाजूला अशा जागा सापडतात. हुतात्मा बाग गावाच्या मध्यात आहे, पण तिथं लहान मुलं आणि फुलांचे वाफे आहेत, तिथं नको. शेजारचा भुईकोट किल्ला संरक्षित स्मारक आहे, तटाच्या आत डिस्क काढूच नका. होम मैदान मोकळं दिसतं, पण संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे आणि दुकानं लागली की ते आपलं नसतं. सिद्धेश्वर किंवा संभाजी तलावाच्या काठावर खेळायचा मोह होतो. पाण्यात गेलेली डिस्क बहुधा बुडते, आणि ती काढायला कुणी उतरेल ही भीती मला जास्त वाटते. एकानं नान्नजचं माळरान सुचवलं होतं. ते माळढोकचं अभयारण्य आहे, तिथं खेळायचा विचारही नको.

बाग महापालिकेची असेल तर उद्यान विभागाकडं साधा अर्ज द्या: किती जण, कोणता वार, किती वाजता, झाडाला खिळा मारणार नाही, जाताना सगळं काढून नेणार. सोसायटीची असेल तर सेक्रेटरींना भेटा. कागदाइतकंच महत्त्वाचं म्हणजे माळीकाका आणि वॉचमन. आमच्या माळीकाकांनी डिस्क हातात घेऊन उलटसुलट केली आणि म्हणाले, "थाळी फेकायचं खेळ हाय व्हय? फेका की. फक्त त्या नव्या करंजाकडं नको, आत्ता कुठं धरलंय ते." तो करंज आजही आमच्या नकाशावर लाल गोलात आहे.

कोर्स आखणं

इथं घाई करू नका. पहिला कोर्स नऊ होलचा आणि आखूड ठेवा: सर्वांत लहान होल ४० पावलांचं, सर्वांत लांब ८० चं. आपलं पाऊल साधारण ७० ते ७५ सेंटिमीटरचं धरलं तर ८० पावलं म्हणजे ६० मीटरच्या आतबाहेर. नवा माणूस पटरनं दोन-तीन थ्रोमध्ये पोचतो. प्रत्येक होलचा पार, म्हणजे अपेक्षित थ्रो, तीन धरा, नऊ होलचा २७.

आखताना तीन गोष्टी बघतो. टीवरून झाडापर्यंत सगळी जमीन दिसली पाहिजे. कुंपणाआड किंवा वळणापलीकडं फेकायचं होल परदेशी कोर्सवर मजेचं असेल, पण आपल्या बागेत त्या वळणामागं कुणी बाळाला चालायला शिकवत असतं. दुसरं, चालायची फरशी आडवी ओलांडू नये. ओलांडावीच लागली तर एकाच होलला, आणि तिथं आपल्यातला एक जण फरशीवर उभा करून. तिसरं, चुकलेली डिस्क कुठं जाईल? उजव्या हाताची बॅकहँड शेवटी डावीकडंच वळते. म्हणून होलच्या डाव्या अंगाला रस्ता, बाक किंवा घसरगुंडी नको. भिंत किंवा झुडुपं असतील तर उत्तम.

हा तिसरा मुद्दा मी उशिरा शिकलो. आमच्या जुन्या चौथ्या होलच्या डावीकडं फरशी होती. एका सकाळी माझी डिस्क शेवटी वळली आणि चालत येणाऱ्या एका आजींच्या पुढ्यात, दोन हातांवर, घासत थांबली. लागली नाही. त्या दचकून बाकावर बसल्या आणि बराच वेळ छातीवर हात धरून होत्या. मी पाणी दिलं, माफी मागितली, खेळ तिथंच थांबवला. ते होल दुसऱ्या दिवशी रद्द झालं.

पट्ट्यांसाठी आम्ही चादरीच्या कडेच्या रंगीत पट्ट्या वापरतो. यंत्रमागवाल्या ओळखीच्या माणसाकडं मिळतात, आणि लाल पट्टी कडुनिंबाच्या काळपट खोडावर लांबून उठून दिसते. झाडाला दोन पट्ट्या बांधा, एक गुडघ्याच्या उंचीवर, एक खांद्याच्या. दोन्हींच्या मधे खोडाला डिस्क लागली की होल संपलं. वर किंवा खाली लागली तर नाही. हे आधीच बोलून ठेवा, ओक ग्रोव्हचा वाद टळेल. खिळा, तार, रंग काही लावू नका.

टोपली एक तरी करा, कारण साखळीचा तो खळ्ळकन आवाज ऐकल्याशिवाय माणूस या खेळाला चिकटत नाही. आमची अशी आहे. स्कूटरच्या जुन्या टायरमध्ये काँक्रीट भरून मधे सव्वा इंची लोखंडी पाइप उभा केलाय. वर १३० सेंटिमीटरवर २६ इंची सायकलची रिम, आरे काढून, दोन पट्ट्यांनी पाइपला वेल्ड केलेली. रिमला बारीक साखळीचे बारा तुकडे लोंबतात आणि खाली एका कड्यात गोळा होऊन पाइपजवळ येतात. आतल्या लहान कड्याला आणखी सहा. साधारण ८० सेंटिमीटरच्या उंचीवर लोखंडी पट्टीचं गोल कडं आणि त्याला जाळी, ती झाली टोपली. पहिल्यांदा वेल्डिंगवाल्यानं साखळ्या छान ताणून बसवल्या, आणि प्रत्येक डिस्क आपटून परत आमच्याकडं यायची. साखळी ढिली हवी. डिस्क आत शिरली की तिनं डिस्कभोवती पडावं आणि वेग खाऊन टाकावा. प्रत्येक तुकड्यात सहा-सात कड्या वाढवल्या तेव्हा जमलं. टोपली बरीच जड आहे, दोघं मिळून उचलतो आणि शेवटच्या होलला ठेवतो.

थ्रो

बॅकहँडनंच सुरुवात करा. अंगठा वर, चार बोटं खाली कडेच्या आत दुमडलेली. पकड इतकी घट्ट की दुसऱ्यानं ओढली तर सहज सुटू नये. उजवा खांदा निशाण्याकडं करून आडवं उभं राहा. डिस्क छातीच्या उंचीवर सरळ मागं न्या आणि सरळच पुढं आणा: आधी कोपर, मग मनगट, शेवटी डिस्क. वजन मागच्या पायावरून पुढच्यावर. हात थांबवू नका, डिस्क सुटल्यावरही तो फिरत राहू द्या. धावत येऊन फेकणं पहिले तीन महिने विसरा.

सगळ्यांची चूक एकच, डिस्कचं नाक, म्हणजे पुढची कड, वर होतं. मग ती पतंगासारखी चढते, हवेत थबकते आणि डावीकडं पडते. वाढलेलं ताट आणताना आमटी सांडू नये म्हणून जसं समतल धरतो, तशी डिस्क शेवटच्या क्षणापर्यंत समतल ठेवा. दुसरी चूक, डिस्क थरथरत जाते. म्हणजे फिरकी कमी पडली. जोर वाढवू नका, मनगटाचा झटका वाढवा.

डावीकडं वळणं मात्र चूक नाही. उजव्या हाताची बॅकहँड वरून बघितली तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. वेग आहे तोवर ही फिरकी तिला सरळ धरते. वेग कमी झाला की हवेचा दाब तिचं नाक वर ढकलू बघतो, आणि फिरत्या वस्तूच्या स्वभावानुसार ती वर जायच्या ऐवजी डावीकडं कलते. फोरहँडला, म्हणजे तळहात पुढं ठेवून फेकलं तर, फिरकी उलटी, म्हणून शेवटही उजवीकडं. डावखुऱ्यांचं सगळं याच्या उलट. झाडाच्या थोडं उजवीकडं बघून फेका आणि शेवटचं वळण कामाला लावा.

सराव घरीही होतो. गच्चीवर, कठडा उंच असेल तर, दोरीवर जुनी सोलापुरी चादर टाका आणि दहा-बारा पावलांवरून तिच्यावर फेका. जाड चादरीला लागून डिस्क जागीच खाली पडते, उचलायला पळावं लागत नाही. चादरीवरचं मोराचं नक्षीकाम निशाण्याला बरं पडतं. रोज तीस थ्रो पुरे.

पटिंगचं, म्हणजे जवळून टोपलीत टाकायचं, वेगळं. स्कोअर तिथंच कमी होतो. टोपलीकडं तोंड, पाय खांद्याएवढे फाकवून, डिस्क पोटापाशी आणून हात सरळ टोपलीकडं उघडायचा, जसं कुणाशी हात मिळवतो. तीन मीटरवरून दहापैकी नऊ पडेपर्यंत पाच मीटरवर जाऊ नका.

फेरी आणि नियम

तीन-चार जणांचा गट बरा. नऊ होलला साधारण तास लागतो. पहिल्या होलला चिठ्ठी टाका. पुढं मागच्या होलला ज्याचा स्कोअर कमी, तो आधी. टीवरून सगळ्यांचं झालं की टोपलीपासून जो लांब, तो आधी. बाकीच्यांनी त्याच्या मागं उभं राहायचं, पुढं कुणीही जायचं नाही. पाळी आल्यावर तीस सेकंदांत फेकायचं.

डिस्क पडली तिथं, तिच्या पुढच्या कडेला टेकून, टोपलीच्या बाजूला झाकण ठेवा आणि डिस्क उचला. झाकणाच्या लगेच मागं २० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर लांब एवढीच तुमची जागा. डिस्क सुटताना एक पाय तिथं हवा आणि शरीराचा कुठलाही टेकलेला भाग झाकणाच्या पुढं नको. लांबून फेकल्यावर तोल पुढं गेला तर चालतं. टोपलीपासून दहा मीटरच्या आत मात्र डिस्क सुटल्यावर आधी तोल सावरायचा, मगच पुढं पाऊल टाकायचं.

हद्दीबाहेर गेली की एक दंडाचा थ्रो, आणि जिथून बाहेर गेली तिथून एक मीटरपर्यंत आत घेऊन पुढचा. आम्ही सगळ्या फरशा, फुलांचे वाफे, घसरगुंड्यांचा भाग आणि तो करंज हद्दीबाहेर धरतो, त्यामुळे खेळणाराच तिकडं फेकायचं टाळतो. हरवलेली डिस्क तीन मिनिटं शोधायची. नाही सापडली तर एक दंड आणि मागच्या जागेवरून पुन्हा.

लिहिताना असं: पार तीनचं होल, टीवरून पहिला थ्रो, दुसरा फरशीवर गेला, एक दंड, तिसऱ्यात खोडाला लागली. थ्रो तीन अधिक दंड एक, चार. पारपेक्षा एक जास्त म्हणजे बोगी. एक कमी म्हणजे बर्डी. टीवरून थेट पडली तर एस, त्या दिवशी चहा त्याच्याकडं.

आणि माणसं. चालणारा येताना दिसला की डिस्क खाली. तो पूर्ण पलीकडं जाईपर्यंत थांबायचं, "जा की काका, सावकाश" म्हणायचं. डिस्क भरकटली तर लाज न वाटता जोरात ओरडा. आम्ही "डोकं सांभाळा!" असं ओरडतो, कारण नुसतं "डिस्क" ऐकून लोक वर बघतात. पोरं भोवती जमतातच. एकेक पटर त्यांच्या हातात द्या, सगळ्यांना एका रेषेत उभं करा. चार थ्रो झाले की तीच पोरं पुढच्यांना "थांब बे, माणूस येतंय" म्हणून अडवायला लागतात.

ऊन, वारा, काटे

मार्च ते मे सहाला सुरू, आठला बंद. चाळीस अंशांच्या वरच्या उन्हात मैदानावर उभं राहण्यात काही शौर्य नाही. गाडीच्या डिकीत डिस्क ठेवू नका, तापून वाकड्या होतात. समोरून वारा असेल तर डिस्क वर उचलली जाते आणि उजवीकडं लोळते, म्हणून खाली आणि डावीकडं जरा कलती फेका. मागून असेल तर ती लवकर बसते, थोडी उंच सोडा. पावसाळ्यात काळी माती बुटाला किलोकिलोनं चिकटते आणि टीवर पाय घसरतो. पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस आम्ही जातच नाही, आमच्या बुटांनी हिरवळही उखडते. झुडुपात डिस्क गेली तर आधी काठी फिरवा, मग हात घाला. साप असतो, आणि वेडी बाभळ असेल तर तिचा काटा बुटाच्या तळव्यातून आत जातो. चपलेत खेळू नका.

संपल्यावर डिस्क मोजा, प्रत्येक झाडाची पट्टी सोडा, टोपली उचला, वॉचमनना सांगून निघा. पुढच्या वेळचा बदल बागेतून निघायच्या आधीच वहीत लिहा. या रविवारी आम्ही लिहिलंय: सहाव्या होलची टी पाच पावलं उजवीकडं, डावीकडच्या बाकावर आता पेपर वाचणारे एक आजोबा बसायला लागलेत.